एकोणीस कोऱ्या जागा

धाराशीव, ८ जानेवारी १९४६

आज वही शिवून झाली. छापखान्यात कागद कापताना ज्या कडा उरतात, त्यांची. पान जेमतेम चार बोटं रुंद आहे, पण लढाई संपूनही कागद मिळत नाही, तेव्हा हेही काय थोडं झालं. मामांनी पाहिलं न् म्हणाले, "अगं, त्याच्या पुड्या झाल्या असत्या की." मामा म्हणजे माझे सासरे, महांतप्पा. छापखाना त्यांचा, परवाना त्यांच्या नावाचा. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवते मी आणि पायाचं मशीन मारतात ते. असा दोन माणसांचा कारभार.

आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. पंचाक्षरीसारखा जुळारी सोलापूरपर्यंत नव्हता, आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही, जुळारीण म्हणून सांगते. त्यांच्या आजारपणात मी जुळणीची स्टिक हातात घेतली ती आजतागायत. लोक म्हणाले, कपाळ पांढरं झालं न् बाई हात काळे करायला निघाली. केले. तुमच्या पोरींच्या लग्नपत्रिका ह्याच काळ्या हातांनी निघतात म्हणावं.

१५ जानेवारी

वाशीचे भीमाशंकर गुरुजी तीळगूळ घेऊन आले आणि पिशवीतून हस्तलिखित काढलं. गुरुजींची शाळेतली नोकरी गेली आहे. कशानं गेली ते मी विचारलं नाही, ह्या राज्यात ते विचारावं लागत नाही.

चौसष्ट पानांचं पुस्तक होईल. ‘सात दिवसांची हकिकत’. ईट गावच्या वाटेवर एक वस्ती आहे. दोन वर्षांमागं तिथं एका बड्या अंमलदाराचा तंबू पडला. पेरणीचे दिवस, आणि गडी, बैल, चारा, पाणी, सगळं वेठीला. सहा जण म्हणाले, पेरणी टाकून येणार नाही. त्यांना चावडीत कोंडलं. सातव्या दिवशी पाच जण बाहेर आले. सहावा बब्रुवान. विशीतला पोरगा. तो आला नाही.

गुरुजींनी माणसांच्या तोंडून ऐकलं तसं लिहिलंय, नावानिशी. बब्रुवान, बलभीम, सोमलिंग, दगडोबा, बसप्पा, सिद्धलिंग. मामांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मंजुरी आणा गुरुजी, मग बघू." गुरुजी म्हणाले, मंजुरीला छापील प्रूफच लागतं. मी म्हणाले, जुळवते.

मला राजकारणात पडायचं नाही. ओळीचे दोन काठ सरळ ठेवायचे, एवढंच माझं काम.

२३ जानेवारी

बाराव्या पानावर ओहोळ सापडला.

आमचे हे शिकवायचे: प्रूफ वाचायचं नाही. वाचलं की डोळा अक्षरांमागं पळतो. कागद उलटा धरायचा, डोकं खाली पाय वर, आणि डोळे अर्धे मिटायचे. मग काळं विसरतं आणि पांढरं दिसायला लागतं. ओळीचे दोन्ही काठ सरळ हवेत, तर शब्दांच्या मधे कुठं बारीक कोरा, बिनअक्षराचा खिळा जातो, कुठं जाड. चार-पाच ओळींतले जाड खिळे एकाखाली एक आले की पानातून पांढरा ओहोळ वाहतो. वाचणाऱ्याला कळत नाही, पण त्याचा डोळा त्यात पाय घसरून पडतो.

मामा म्हणाले, "कोण बघतंय गं एवढं?" मी बघते. दहा ओळी सोडल्या न् पुन्हा बांधल्या. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. पण पान आता अंगणात सडा घातल्यासारखं एकसारखं आहे.

४ फेब्रुवारी

मंजुरीच्या कचेरीतून प्रूफ परत आलं. सगळं ठीक, फक्त नावांवर लाल पेन्सिल. सहा नावं, मिळून एकोणीस जागा. खाली शेरा: नावं काढावीत, बाकी गोष्ट म्हणून छापायला हरकत नाही. नावाच्या जागी ठिपके नकोत, फुल्या नकोत, ओळ रिकामी सोडू नये.

म्हणजे काढलंय हे कुणाला कळता कामा नये. शहाणे आहेत. कुणीतरी आधी ठिपके देऊन यांना छळलेलं दिसतंय. त्याचं भलं होवो.

गुरुजींनी लाल खुणा एक-एक करून पाहिल्या. मग म्हणाले, "हकिकत तरी राहील. छापा." मामा लगेच म्हणाले, "छापू. शिवकांता, सगळं ओढून घे, नीट बसव. परवाना गेला तर खायचं काय, खिळे?"

९ फेब्रुवारी

पाच दिवस हेच काम. नाव उचललं की ओळ तोकडी होते. मग पुढच्या ओळीतला शब्द वर ओढायचा, ती तोकडी, तिच्या पुढचीतला ओढायचा, असं परिच्छेद संपेपर्यंत. आज एकोणिसावी जागा मिटवली.

‘तेव्हा बब्रुवान पुढं झाला आणि म्हणाला’ असं होतं. आता ‘तेव्हा पुढं झाला आणि म्हणाला’ असं आहे. कोण झाला? वाचणारा थांबतसुद्धा नाही, ओळ इतकी गुळगुळीत लागली आहे. प्रूफ उलटं धरून पाहिलं. एक ओहोळ नाही, एक खळगा नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. हे असते तर पाठ थोपटली असती.

थोपटली असती का? कोण जाणे. मला आज भाकरी गेली नाही.

११ फेब्रुवारी

ईटकडून एक म्हातारी आली. पदरात हुरडा बांधलेला, पायाला धूळ. दारातूनच विचारलं, "छापखाना ह्योच का माय?" बब्रुवानची आई, धुरपदाबाई. वाशीपर्यंत पायी, तिथून कुणाच्या तरी गाडीतून.

म्हणाली, "गुरुजी म्हनले, तुज्या लेकाचं नाव छापायलेत. म्हनलं आपल्या डोळ्यानं बघून यावं. मला वाचता येत न्हाय. तू नुसतं बोट ठिव, ह्यो बघ म्हनून."

मामा मशीनमागं होते. मी बोलायला हवं होतं. टेबलावर ते गुळगुळीत प्रूफ पडलेलं, आणि म्हातारी माझ्या बोटाकडं बघतेय. मी बोट ठेवलं. ‘ज्वारी’ ह्या शब्दावर.

तिनं त्यावरनं हात फिरवला. कितीतरी वेळ. म्हणाली, "एवढुसा हाय की. गडी मोटा व्हता माजा." मग बोटं कपाळाला लावली, हुरडा ठेवला न् गेली.

शिवकांता, लाज वाटत नाही तुला?

१२ फेब्रुवारी

हुरडा तसाच आहे. कुणी खाल्ला नाही.

१४ फेब्रुवारी

आज सगळी पानं सोडली. ती गुळगुळीत, पाठ थोपटण्यासारखी पानं. खिळे अक्षरांच्या खणांत परत टाकताना जो आवाज होतो तो मला नेहमी आवडतो, आज जास्तच आवडला.

पुन्हा मूळ हस्तलिखितावरनं जुळवतेय, नावांसकट. ओळ पुरी कसली की नावाचे खिळे चिमटीत उचलायचे, तळहातावर ओळीनं मांडायचे, आणि नेमक्या तेवढ्याच रुंदीचे कोरे खिळे त्या जागी बसवायचे. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. मग नाव खणात.

साहेबांनी सांगितलं ठिपके नकोत. नाहीत. फुल्या नकोत. नाहीत. ओळ रिकामी नको. एकही नाही, प्रत्येक ओळ ह्या काठापासून त्या काठापर्यंत पोचते. मधे पांढरं किती असावं, ह्यावर कचेरीनं अक्षर लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगेन, शेरा पुन्हा वाचा.

२० फेब्रुवारी

मामांनी आज प्रूफ पाहिलं. एकविसाव्या पानावर तर सहाही नावांच्या जागा आहेत, सहा जण एकामागून एक चावडीत शिरतात तिथं. पान उलटं न धरताच दिसतंय.

"हे काय केलंस?"

"ओळी भरल्या."

"ह्याला भरणं म्हणतात? पोराचं नाव घालवशील. पंचाक्षरीच्या छापखान्यातनं असलं काम कधी बाहेर पडलं नाही."

मी म्हणाले, "त्यांच्यापुढं असली लाल पेन्सिल कधी आली नाही." फार बोलले मी. पण परत घेणार नाही. मामांनी प्रूफ हातात धरून ठेवलं, मग एक-एक जागा बोटानं चाचपली, रुंदी बघितल्यासारखी. तेवढंच. "पुसून टाक" असं काही म्हणाले नाहीत, म्हणजे भांडायची ताकद उरली नसेल. परवान्याची धास्ती माणसाला पार पोकळ करून टाकते. माझे सासरे भित्रे आहेत, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. आज लिहून ठेवते.

२२ फेब्रुवारी

पहिल्या पानांचा फर्मा छापून झाला आणि कचेरीतले साहेब स्वतः बघायला आले. मी खणांपाशी, पाठ करून उभी. साहेबांनी कागद उचलला.

"महांतप्पा, ये क्या है? ओळीचे दात पडलेत की."

माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. शेरा पुन्हा वाचा साहेब. तेवढ्यात मामा पुढं झाले. हात जोडून! म्हणाले, "काय सांगू साहेब. मुलगा गेला माझा. आता सून जुळवते. बाईमाणूस, हात कच्चा. सांगून सांगून थकलो, जागा सोडते नको तिथं. कागद तर वाया घालवता येत नाही. पोटाकडं बघून चालवून घेतोय."

साहेब हसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बायकांचं काम. छोडो, कोण वाचतंय एवढं." सही केली. मामांनी पानाचं तबक पुढं केलं तेव्हा सुपारी सांडली.

कच्चा हात. माझा. ज्या हातानं ह्या म्हाताऱ्याला सहा वर्षं भाकरी घातली तो हात कच्चा. मला चोर म्हणाले असते तर चाललं असतं.

२३ फेब्रुवारी

मामांशी बोलले नाही.

२६ फेब्रुवारी

धुरपदाबाई पुन्हा आली. यावेळी भावाच्या सुनेकडं पाहुणी आलेली, जाता जाता डोकावली. म्हणाली, "परत एकडाव दाव गं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं. "मावशी, मी खोटं बोलले. त्या दिवशी तुम्हाला दाखवलं ते ज्वारी होतं. नावं काढायला लावलीत वरून. पुस्तकात तुमचा बब्रुवान नाही."

वाटलं, शिव्या घालेल, उठून जाईल. ती टेबलावर वाकली. मग म्हणाली, "आन् ह्ये पांडरं काय हाय?" म्हातारीला अक्षर येत नाही, पण टेबलावरच्या छापील पानावर तिची नजर बरोबर त्या जागेवर गेली. मी कागद उलटा धरायला शिकले तेव्हा कुठं मला पांढरं दिसलं. हिला सरळच दिसतंय.

"तिथं तो होता," मी म्हणाले. "त्याच्या नावाएवढीच जागा ठेवलीय. दुसरं कुणी बसवलेलं नाही."

तिनं त्या जागेवर बोट ठेवलं न् तसंच ठेवून रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात. मग मला राहवलं नाही. खणांतून खिळे काढले, बब्रुवान जुळवला, भोवती दोऱ्याचे चार वेढे घालून गच्च बांधला आणि तिच्या हातावर ठेवला. सुपारीपेक्षा थोडा मोठा. म्हणाली, "जड हाय." मग जवळ धरून बघितलं. "उलटं दिसायलंय की गं."

"उलटंच असतं मावशी. कागदावर टेकलं की सुलटं होतं."

"कशानं? शाई लागती का?"

"शाई, नाहीतर दिव्याची काजळी तेलात कालवली तरी उमटतं."

ती ‘व्हय का’ म्हणाली, खिळे चोळीच्या गाठीत बांधले आणि गेली. मामा मशीनमागून सगळं बघत होते. एका नावाचं शिसं फुकट गेलं म्हणून जीव तुटत असेल.

२८ फेब्रुवारी

खणांत खिळे कमी आहेत! बब्रुवानच्या नावाला गेले ते धरूनही. ‘ग’चा खण चाचपला, कमी. ‘ल’, ‘स’, ‘द’, सगळीकडं थोडे थोडे गेलेत. कोऱ्या खिळ्यांतलेही गेलेत. मला खणात हात घातला की कळतं, मोजावं लागत नाही.

मामांना विचारलं. म्हणाले, "उंदरानं नेले असतील."

"उंदीर शिसं खातो?"

"आजकालच्या उंदरांचा भरवसा नाही बाई."

आणि वर हसले. सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलले मी, तर हे ऐकायला.

४ मार्च

शिवरात्रीला मामा रामलिंगाला जाऊन आले. दर वर्षी इथंच कपालेश्वराच्या देवळात जातात, यंदा एवढ्या लांब येडशीला. सकाळी पिशवी घेऊन निघाले. विचारलं काय आहे, तर म्हणाले नारळ. दोन नारळांनी पिशवीचे बंद असे ताणतात होय? परत आले तेव्हा पिशवी रिकामी आणि चेहरा हलका. जत्रेत भीमाशंकर गुरुजी भेटले, बरे आहेत, एवढं सांगितलं.

मला काय कळायचं ते कळलं. येडशीच्या स्टेशनावर जुनं शिसं घेणारे व्यापारी उतरतात. मामांनी खिळे विकले. पंचाक्षरींच्या हातचे, त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेले खिळे. बापाला हे करवलं कसं? मी तोंडावर म्हणाले, "किती आले शिशाचे?" ते म्हणाले, "पुरेसे." आणि अंघोळीला गेले.

१२ मार्च

पुस्तक झालं. तीनशे प्रती. शिलाई मी केली, पुठ्ठा मामांनी चिकटवला, एकाच खोलीत बसून, मुक्यानं. गुरुजी दोन खेपांत घेऊन गेले. जाताना मामांच्या पाया पडले, माझ्याकडं नुसते बघून हसले. ठीक आहे. भित्र्यांचे पाय मोठे असतात.

एक प्रत मी ठेवून घेतली. एकोणीस जागा. दात पडलेली ओळ. माझं सगळ्यात वाईट काम, आणि ज्याला हसायचं त्यानं हसावं.

६ एप्रिल

आज झालं ते सगळं लिहिते.

दुपारी साहेब आले. बरोबर दोन शिपाई. हातात ‘सात दिवसांची हकिकत’. एकविसावं पान उघडून टेबलावर आपटलं.

"ये क्या है?"

मी पाहिलं. आणि खरं सांगते, मला आधी काही कळेना. जागा भरलेल्या होत्या. बब्रुवान. बलभीम. सोमलिंग. दगडोबा. बसप्पा. सिद्धलिंग. सहाच्या सहा. काजळीनं उमटवलेले, कुठं दाट, कुठं फिकट, कडेला तेलाचे डाग. पण नेमके आपापल्या जागी. पुढच्या मागच्या शब्दाला धक्का न लावता. लागणारच कसा? जागा त्यांच्याच मापाची.

साहेब ओरडत होते. गावोगाव हीच गत आहे, ज्याच्या घरात पुस्तक त्याच्या घरात नावं, कोण ठसे घेऊन फिरतंय कळत नाही. "हे तुम्हीच छापलं. खिळे तुमचे आहेत."

मी म्हणाले, "साहेब, आमच्या छापखान्यातली ओळ एवढी वाकडी लागत नाही. हे बघा, हे नाव कललंय. हे वर चढलंय. आमची शाईसुद्धा असली नसते."

आणि मामा! खुर्चीतनं उठले, हात जोडले नाहीत की काही नाही. म्हणाले, "सुनेचा हात कच्चा आहे साहेब. पण इतका कच्चा नाही."

दोन शिपायांतला एक खाली बघून हसला, मी पाहिलं. साहेबांनी नाही पाहिलं. त्यांनी परवाना मागून घेतला, आम्हाला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घालून लाखेची मोहर लावली. रस्त्यावर माणसं जमली होती. मी पदर खोचला आणि मधोमध चालत घरी आले.

७ एप्रिल

मी धुरपदाबाईला एकच नाव दिलं होतं. मग बाकीची पाच?

सकाळपासून डोक्यात हेच. मामा ओसरीवर बसले होते. साहेबांनी पुस्तक नेलं, पण ते पान माझ्या डोळ्यांपुढं होतं, तसंच्या तसं. मी उगीच आपलं म्हणाले, "दगडोबा जरा हलल्यासारखा उमटलाय."

मामा म्हणाले, "शेवटी बारीक कोरा खिळा कमी पडला गं. दोरा आवळला, पण गच्च बसला नाही. डोळे गेले आता माझे."

मी उभीच राहिले. उंदीर. नारळ. जत्रेत भेटलेले गुरुजी. पुरेसे. चार दिवस हा म्हातारा माझ्यामागं मशीनच्या आडोशाला बसून, चष्मा नाकावर, एक-एक खिळा शोधत होता. आणि मी त्याला चार बोटांच्या वहीत भित्रा लिहीत होते.

"मामा, तुम्ही शिसं विकलं असं मी म्हणाले."

"म्हणालीस."

"आणि माझा हात कच्चा असं तुम्ही म्हणालात. त्यांच्यापुढं."

"म्हणालो. तू त्या दिवशी तोंड उघडलं असतंस तर पुस्तक तिथंच जळालं असतं."

"मग फिटलं?"

"माझं फिटलं. तुझ्या रागाचं तू बघ बाई."

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, आता खायचं काय ते बघ. मी म्हणाले, खिळे. आणि आम्ही दोघं हसलो, दाराला लाख लागलेल्या छापखान्याचे मालक, येड्यासारखे हसलो. बार्शीला, सरहद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात, आमच्या ह्यांच्या ओळखीचा एक छापखाना आहे. तिथं जुळारी लागतो का, मी विचारणार आहे. कच्चा हात चालेल का, तेही विचारीन.

११ एप्रिल

छापखान्यावरून जात होते, तर पायरीवर धुरपदाबाई. लाख लावलेल्या दाराला टेकून बसलेली. म्हणाली, "कुलूप घातलं व्हय गं माज्यापायी?"

मी म्हणाले, "तुमच्यापायी नाही मावशी. उठा, घरी चला." ती उठेना. पदराखालून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि कुणी न सांगता बोट ठेवलं. बरोबर ठेवलं.

"ह्ये म्या लावलं. समद्यात पैलं. बाकीच्यांनी आपापल्या घरच्यांचं लावलं. माजा हात हालला गं. साहेबापुडं कुनी म्हनलं म्हनं, वाकडं हाय. हाय का वाकडं?"

पान घेतलं. सवयीनं उलटं धरलं, डोळे अर्धे मिटले. त्या ओळीत कुठंच पांढरं नव्हतं. नाव मात्र एका अंगाला कललेलं, चांगलं जाड खिळ्याएवढं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी फर्मा परत बांधायला लावला असता.

"आहे," मी म्हणाले. "थोडं."

"मंग नीट कराया लागंल?"

"नाही. मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही."

ती पानाकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावला, पण हसत होती.

"त्यो तसाच उबा ऱ्हायचा. एका पायावर भार दिऊन. लई सांगायची म्या, सरळ उबा ऱ्हा रं म्हनून. न्हाय ऐकलं कदी."